पावसाळी डबक्यातली बेडकांची वीण कधी आणि कशी पाहावी?

प्रश्न तळेगावहून आला आहे. थोडक्यात असा: "माझी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते. मार्चमध्ये तिच्या बागेतल्या छोट्या तळ्यात बेडकांच्या अंड्यांचा मोठा गोळा दिसला. तेव्हापासून तिची मुलं त्यातले बेडूकमासे मोठे होताना रोज पाहतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीलाही हे पाहायचंय. आपल्याकडे वसंतात असं कुठे दिसतं? आंबोलीला एखादा शनिवार-रविवार काढला तर सगळं पाहून होईल का? आणि अंडी घरी आणून बरणीत वाढवली तर चालतील का?"

आधी तिन्हींची सरळ उत्तरं देतो. आपल्याकडे हा सगळा प्रकार पहिल्या दमदार पावसाला सुरू होतो, वसंतात तो शोधू नका. तो पाहायला आंबोलीपेक्षा घरापासून चालत जाता येईल असं एखादं डबकं कितीतरी चांगलं. आणि अंडी घरी आणू नका. आता सविस्तर.

लीड्सच्या तळ्यातला बेडूक बहुधा तिथला नेहमीचा 'राना टेम्पोरारिया' असणार. तो हिवाळाभर चिखलात, दगडांखाली निपचित पडून असतो आणि थंडी ओसरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्यावर येतो. मादी हजारभर किंवा जास्तच अंडी एका गोळ्यात घालते. पाणी थंड असल्यामुळे त्यांची वाढ सावकाश होते, बेडूक व्हायला तीन-चार महिने लागतात. तिथे अडसर थंडीचा असतो, आपल्याकडे तो कोरड्या जमिनीचा. चैत्र-वैशाखात आपले बहुतेक बेडूक जमिनीत, बांधाच्या भेगांत, दगडांच्या फटीत अंग चोरून बसलेले असतात. डबकीच नसतात, मग अंडी घालणार कुठे? पाऊस पडतो, खड्डे भरतात आणि ते आटायच्या आत प्रियाराधनापासून शेपटी गळेपर्यंत सगळं उरकावं लागतं. म्हणून आपल्या डबक्यांतली गोष्ट फार वेगाने घडते. कित्येक जाती महिना-सव्वा महिन्यात पाण्याबाहेर पडतात.

एप्रिलमध्ये विहिरीत किंवा पाझर तलावात बेडूकमासे दिसले तर गोंधळू नका. पाण्यावर डोळे वर काढून तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत पळणारा बेडूक तुम्ही नक्की पाहिला असेल. त्याचं नाव 'युफ्लिक्टिस'. बारमाही पाण्यात राहत असल्यामुळे तो वर्षातल्या बऱ्याच महिन्यांत अंडी घालतो. उन्हाळ्यातली ती पिल्लं बहुतेक वेळा त्याचीच असतात.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मान्सून केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतो. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहनं दिलेली असतात. त्यांत बेडूक निघाला की यंदा पाऊस चांगला, असं आमच्याकडची जुनी माणसं आजही म्हणतात. तारखा मात्र बेडूक पाळत नाहीत. वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरीने थोडे बाहेर येतात, ओरडतात, परत गप्प होतात. खरी वीण सुरू होते ती जमीन भिजून पाणी साचायला लागेल असा पाऊस झाला की. संध्याकाळी धो धो कोसळला आणि रात्री उघडीप मिळाली तर घरात बसू नका. त्या एका रात्रीत जे दिसतं ते पुढच्या आठवड्यात दिसेलच असं नाही.

याला कारण आहे. बेडकांच्या काही जाती पावसाळाभर थोडी थोडी वीण करतात, तर काही जाती एक-दोन रात्रींतच सगळी उरकतात. बैलबेडूक, म्हणजे 'हॉप्लोबॅट्राकस टायगरिनस', हा या दुसऱ्या प्रकारातला सगळ्यात देखणा. एरवी तो मळकट हिरवा, पाठीवर डाग असलेला. पहिल्या मोठ्या पावसाला नर लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्याजांभळ्या पिशव्या फुगतात. शेतात साचलेल्या गढूळ पाण्यात असे दहा-वीस पिवळे नर एकमेकांवर तुटून पडताना पाहिले की लहान मुलंच काय, मोठी माणसंही थबकतात. दिवसाढवळ्याही हे चालतं. दोन-चार दिवसांत रंग उतरतो आणि तेच नर पुन्हा मळकट होऊन गवतात नाहीसे होतात.

डबकं निवडताना तीन गोष्टी बघा. एक, त्यात मासे नकोत. डास मारायला ठिकठिकाणी गप्पी मासे सोडलेले असतात आणि ते बेडकांची अंडी व कोवळी पिल्लंही फस्त करतात. दुसरं, आजूबाजूला तणनाशक मारलेलं नको. भातखाचर निवडणार असाल तर आधी मालकाशी बोला, परवानगीही होईल आणि फवारणीची तारीखही कळेल. तिसरं, काठ उतरता हवा, म्हणजे मुलीला उकिडवं बसून पाण्यात डोकावता येईल. सोडून दिलेल्या खाणीची खोल कपार मुलांसाठी नकोच. तुमच्या भागात माळावरच्या सखल जागा, रस्त्याकडेचे चर, बांधकामासाठी काढलेले आणि तसेच सोडलेले खड्डे भरपूर मिळतील. दिसायला कुरूप डबकी बहुधा बेडकांनी गजबजलेली असतात.

रात्री गेल्यावर पहिली दहा मिनिटं टॉर्च बंद करून नुसतं ऐका. तुम्ही येताच सगळे गप्प होतील. मग एक चुकार नर सुरू करेल, त्याच्या मागून दुसरा, आणि पाच मिनिटांत कान किटतील इतका गलका उठेल. ओरडतात ते जवळजवळ सगळे नरच. त्या गलक्यातून आवाज वेगळे काढायला शिकणं हाच या छंदातला पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा आनंद. बैलबेडकाचा घोगरा, दणदणीत डराव लगेच ओळखू येतो. भेकाची, म्हणजे खडबडीत कातडीच्या 'टोड'ची, लांबच लांब, न थांबणारी कुर्रर्र असते. गवतातून येणारी तुटक किटकिट लहान शेतबेडकांची, म्हणजे 'मिनर्वार्या' गटातली. कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा कर्कश आवाज येत असेल तर तो मायक्रोहायलाचा. हा अवघ्या दोन-अडीच सेंटिमीटरचा, पाठीवर सुबक नक्षी असलेला बेडूक. आवाजावरून तो केवढातरी मोठा असेल असं वाटतं आणि शोधायला जावं तर गवताच्या बुंध्याशी बोटाच्या पेराएवढा बसलेला सापडतो. फोनवर प्रत्येक आवाज अर्धा-एक मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुढच्या वर्षी तेच तुमचं पाठ्यपुस्तक होईल.

पुणे परिसरात आणखी एका बेडकाकडे लक्ष ठेवा. गुबगुबीत, आखूड पायांचा, मागच्या टाचेला फावड्यासारखा कठीण उंचवटा असलेला. तो मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत उतरतो. वर्षाचा मोठा काळ जमिनीखाली घालवून पावसात वर येतो. या भागातल्या या बेडकाला २०१७ मध्ये 'स्फेरोथेका पश्चिमा' असं नाव मिळालं. माणसांच्या इतक्या जवळ राहणारा प्राणी शास्त्रज्ञांच्या नजरेत स्वतंत्र जात म्हणून इतक्या उशिरा आला, हे मुलीला जरूर सांगा. मुलांना वाटत असतं की शोधण्यासारखं सगळं कधीच शोधून झालंय.

जोडी जमल्यावर नर मादीच्या पाठीवर चढून तिच्या काखेत हात घट्ट आवळतो. मादी अंडी सोडते आणि तो त्यांच्यावर शुक्राणू सोडतो, म्हणजे फलन शरीराबाहेर, पाण्यात होतं. घाईत असलेले नर दिसेल त्याला मिठी मारतात. चुकून दुसऱ्या नरालाच धरलं तर तो तुटक चिरका आवाज काढून सोडायला लावतो. भेकांमध्ये तर एका मादीला तीन-चार नर लटकलेले दिसतात आणि क्वचित ती त्या झटापटीत बुडून मरतेही. मुलीला हे पाहून वाईट वाटेल, पण सोडवायला जाऊ नका.

सकाळी उजाडताच पुन्हा डबक्यावर जा, कारण अंडी ओळखायची खरी वेळ तीच. भेकाची अंडी चुकूच शकत नाहीत. पारदर्शक जेलीच्या लांब दोऱ्या गवताच्या काड्यांभोवती गुंडाळलेल्या असतात आणि आत काळे ठिपके ओळीने. मायक्रोहायलाची अंडी पाण्यावर एका थरात पसरलेली, तेलाच्या तवंगासारखी. वारा आला की तो अख्खा थर सरकतो. शेतबेडकांची अंडी छोट्या पुंजक्यांत, काड्यांना चिकटलेली. एखादं अंडं नीट निरखा. वरचा भाग काळा, खालचा पांढरट दिसेल. काळी बाजू ऊन शोषते. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला ती गढूळ पाण्यात दिसत नाही आणि खालून पाहणाऱ्याला पांढरी बाजू आभाळाच्या उजेडात मिसळून जाते. अंडं नुकतंच घातलेलं असेल तर जेली आवळ असते. पाणी शोषून ती काही तासांत फुगते, म्हणून सकाळचा पुंजका रात्रीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

सगळेच पाण्यात अंडी घालत नाहीत. तुमच्या सोसायटीत सिमेंटची पाण्याची टाकी, वापरात नसलेला हौद किंवा शेततळं असेल तर त्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर, मुठीएवढा पांढरा फेसाचा गोळा शोधा. तो आपल्या नेहमीच्या झाडबेडकाचा, 'पॉलिपेडेटीस मॅक्युलेटस'चा. न्हाणीघरात, कुंडीमागे बसलेला लांब बोटांचा तपकिरी बेडूक तो हाच. फेस करताना मादीला पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. ती भिंतीला चिकटून अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागचे दोन्ही पाय आळीपाळीने आत-बाहेर फिरवत तो घुसळते. पायांची हालचाल इतकी नियमित असते की आपण नकळत ताल धरतो. द्रव पांढरा होत फुगत जातो, त्यातच अंडी सोडली जातात आणि पाठीवर बसलेला नर त्यांचं फलन करतो. मध्येच ती थांबते, दम खाते, पुन्हा सुरू करते. फेस बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो. ही अंडी काळी नसून फिकट पिवळसर असतात. फेसाने झाकल्यावर काळ्या रंगाची गरजच उरत नाही. काही दिवसांनी फेस खालून विरघळतो आणि पिल्लं एकेक करून टपटप पाण्यात पडतात. तुमच्या मुलीसाठी हौदाची ही भिंत कुठल्याही जंगलापेक्षा सरस. रोज शाळेत जाता-येता बघता येईल.

डबक्यातली भेकाची अंडी कोमट पाण्यात एक-दोन दिवसांतच फुटतात. पहिले काही तास पिल्लू म्हणजे जेलीला किंवा शेवाळाला लटकलेली काळी स्वल्पविराम-रेघ. त्याला अजून खाता येत नाही, अंड्यातल्या बलकावर ते जगतं. हाताशी भिंग असेल तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे बाहेरचे कल्ले दिसतील. ते फार थोडा वेळ दिसतात. त्यांच्यावर त्वचेची घडी चढते आणि पाणी बाहेर टाकायला बहुतेक जातींत डाव्या बाजूला एक छोटं छिद्र उरतं. हे छिद्र लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

पिल्लं न्याहाळायची माझी पद्धत साधी. काचेसारख्या पारदर्शक, सपाट बाजूंच्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात डबक्यातलंच पाणी घ्यायचं, एक-दोन पिल्लं त्यात येऊ द्यायची, बाजूने पाहायचं, फोटो काढायचा आणि दोन-तीन मिनिटांत तिथेच सोडायचं. हातात धरायचं नाही. वरून पाहिलं तर सगळी पिल्लं सारखीच काळी वाटतात, बाजूने पाहिल्यावर त्यांचे स्वभाव कळतात. भेकाची काळीकुट्ट पिल्लं घोळक्याने फिरतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही पिल्लं परक्यांपेक्षा सख्ख्या भावंडांजवळ राहणं पसंत करतात. मायक्रोहायलाचं पिल्लू पारदर्शक असतं. ते पाण्याच्या मधोमध स्थिर तरंगतं, फक्त शेपटीचं टोक थरथरत असतं आणि आतडं, हृदय सगळं बाहेरून दिसतं. खरवडून खायचे करवती दात त्याला नसतात, पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव ते खातं. झाडबेडकाच्या पिल्लाच्या नाकावर चंदेरी ठिपका चमकतो. आणि एखादं जाडजूड, लांब पिल्लू दुसऱ्या पिल्लाला तोंडात धरून फाडत असेल तर ते बैलबेडकाचं समजा. हे शिकारी पिल्लू इतरांना खातं आणि स्वतःच्या जातभाईंनाही सोडत नाही.

इतर खाणारेही कमी नाहीत. चतुराच्या अळ्या तळाशी दबा धरून बसतात आणि जबडा झटक्यात पुढे फेकून पिल्लू पकडतात. पाणविंचू, पाणभुंगे, खेकडे, बगळे, दिवड साप सगळे टपलेले असतात. मुलीला मोजायला लावा, पहिल्या आठवड्यात अंदाजे किती आणि चौथ्यात किती. आकडा झपाट्याने खाली येईल. हजारो अंडी का घालावी लागतात हे तिला कुणी वेगळं समजावायची गरज उरणार नाही.

वाढीच्या नोंदीसाठी जगभर केनेथ गॉस्नर यांनी १९६० मध्ये मांडलेली ४६ टप्प्यांची यादी वापरतात. तुम्हाला ती पाठ करायची गरज नाही, चार खुणा पुरे आहेत. कल्ले झाकले जाऊन पिल्लू खायला लागलं की पंचविसावा टप्पा. मग शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांचे कोंब दिसतात. आधी नुसते फोड, मग वल्ह्यासारखे, मग त्यांना पाच बोटं फुटतात. पुढचे पाय त्याच वेळी आत त्वचेखाली तयार होत असतात, पण दिसत नाहीत. बेचाळिसाव्या टप्प्यावर ते एकदम बाहेर येतात, बहुधा काही तासांच्या अंतराने. डावा हात येतो तो वर सांगितलेल्या त्या छिद्रातून. उजव्याला त्वचा फाडून वाट काढावी लागते. एका हाताचं पिल्लू दिसलं तर ते अपंग नाही, दुसरा हात वाटेवर आहे. शेवटचा, सेहेचाळिसावा टप्पा म्हणजे शेपटी पूर्ण नाहीशी.

बेचाळीस ते सेहेचाळीस हे मोजके दिवस सगळ्यात नाजूक. शेवाळ खरवडणारं तोंड मोडून किडे पकडणारं रुंद तोंड तयार होत असतं, लांबलचक गुंडाळलेलं आतडं आखूड होत असतं, त्यामुळे पिल्लू काही खात नाही. शेपटी तुटून पडत नाही. तिच्यातलं पोषण शरीरात शोषलं जातं आणि त्यावरच ते तग धरतं. हे सगळं थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे घडतं. या दिवसांत पिल्लाला धड पोहताही येत नाही आणि धड उडीही मारता येत नाही, म्हणून ते काठाच्या ओल्या चिखलात, गवताच्या आडोशाने बसतं. तुम्ही काठावर पाय टाकाल तेव्हा नेमकं तिथेच ते असतं. या आठवड्यात मुलीला काठापासून पावलभर मागे बसवा आणि जागेवरून हलू नका. थोडा वेळ शांत राहिलात तर तांदळाच्या लोंबीवरच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, अजून शेपटीचा ठोंब असलेले बेडूक चिखलातून हळूहळू हलताना दिसायला लागतात. आधी एक, मग लक्षात येतं की समोर वीतभर जागेत दहा-बारा आहेत.

आता सगळ्यात अवघड भाग. जुलैत पावसाने आठ-दहा दिवस खंड दिला, ऊन पडलं, की डबकं आटायला लागतं. पाणी चार बोटांवर येतं, पिल्लं एका खोलगट भागात दाटीवाटीने वळवळतात आणि मुलं रडवेली होऊन विचारतात, बादलीभर पाणी ओतू का? माझं उत्तर दरवेळी नाही असंच असतं. पाणी घटतंय हे पिल्लांना जाणवतं. बऱ्याच जातींची पिल्लं अशा वेळी वाढीचा वेग पकडतात आणि लहान आकारातच बेडूक होऊन बाहेर पडतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना बाधतं. दुसऱ्या डबक्यात नेऊन टाकली तर तिथल्या पिल्लांचं अन्न वाटलं जातं आणि रोगही पोहोचू शकतो. शिवाय आटणारं डबकं म्हणूनच तिथे मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणूनच बेडकांनी ते निवडलेलं असतं. काही डबकी पूर्ण सुकतात आणि सगळी पिल्लं मरतात, हे खरंय. मेलेल्या पिल्लांवर मुंग्या, कावळे, साळुंक्या येतात. तेही मुलीला पाहू द्या आणि वहीत लिहू द्या. अपवाद फक्त माणसाच्या भांड्यांचा. तुमच्या अंगणातल्या टबात, ताडपत्रीवर साचलेल्या पाण्यात अंडी पडली असतील तर तिथे साठवलेलं पावसाचं पाणी घाला, आणि बाहेर चढायला एक तिरकी फळी किंवा दगड जरूर ठेवा. उभ्या गुळगुळीत कडांच्या टबात शेपटी गळलेले बेडूक बुडून मरतात.

आंबोलीबद्दल. ती जागा अफाट आहे यात वादच नाही. तिथल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, बोटभर खोल पाण्यात 'झॅन्थोफ्रिन टायगरिना' हा छोटा, अंगावर पिवळे पट्टे असलेला भेक अंडी घालतो. २००९ मध्ये ही जात जगासमोर आली आणि तिचं ज्ञात क्षेत्र फार लहान आहे. तिचा जवळचा नातेवाईक कोयना परिसरातला, १९६३ मध्ये नोंदवलेला. आंबोलीतच ओढ्यावर झुकलेल्या पानांवर मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे गोळे लटकतात. झुडपांत टिकटिक करणारे चिमुकले झुडूपबेडूक आहेत, ज्यांच्यात बेडूकमाशाचा टप्पाच नाही, अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर येतो. ओल्या कातळावर, पाण्याच्या पातळ पापुद्र्यात सरपटणारी इंडिराना गटाची लांब शेपटीची पिल्लंही तिथेच. कोयनेजवळ हुंबर्ली गावाच्या परिसरात ओढ्याकाठच्या 'निक्टिबॅट्राकस हुमायुनी' या रातबेडकाच्या मीलनाची आगळी पद्धत अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. नर मादीला धरतच नाही. तो तिच्या पाठीवर बसून हात पानाला टेकवतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडून निघून जातो आणि मग ती अंडी घालते. बेडकाला पक्षिअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचं नाव दिलेलं आहे. बेडकांच्या तंगड्यांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी खूप लढा दिला. भारताने ही निर्यात १९८७ मध्ये बंद केली.

एवढं सगळं असूनही पहिल्या वर्षी मुलीला तिथे नेऊ नका असं मी म्हणतो. दोन दिवसांत तिला बेडूक दिसतील, वाढ दिसणार नाही. त्यातून सड्यावरची डबकी इतकी उथळ असतात की फोटोसाठी मागे सरकलेलं एक पाऊल अख्खी वीण चिरडतं. जून-जुलैच्या सुट्टीच्या रात्री तिथे टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांची गर्दी वाढत चालली आहे आणि घाटरस्त्यावर गाड्यांखाली बेडूक चिरडले जातात ते वेगळंच. आधी तळेगावचं एक डबकं पूर्ण पाहा. पुढच्या वर्षी जायचंच असेल तर जागा माहीत असलेल्या स्थानिक मार्गदर्शकाबरोबर, दगडादगडावरून आणि मोजक्या माणसांनी जा. अभयारण्यांत परवानगीशिवाय रात्री शिरू नका.

घरी आणण्याविषयी. बैलबेडकासारख्या जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि अंड्यांवरून किंवा कोवळ्या पिल्लांवरून जात ओळखणं जाणकारालाही जड जातं. कायदा बाजूला ठेवला तरी बरणीत पाणी सडतं, पिल्लं उकडलेल्या पालकावर कशीबशी जगतात आणि बेडूक झाल्यावर त्यांना जिवंत चिलटं कुठून आणणार? लीड्सची मुलंही पिल्लं त्यांच्या तळ्यातच पाहतात, हे मुलीला सांगा.

सुरक्षेचं थोडं. गमबूट घाला, कारण जिथे बेडूक तिथे साप, आणि घोणस, फुरसं पावसाळी गवतात सहज असतात. पाय टाकण्याआधी तिथे टॉर्च मारा. विजा कडाडत असतील तर मोकळ्या माळावर थांबू नका. हातापायांना डासांचं मलम लावलं असेल तर पाण्यात हात घालू नका. बेडूक त्वचेतून पाणी आणि हवा दोन्ही घेतात, तशी रसायनंही आत जातात. एका डबक्यावरून दुसरीकडे जायचं असेल तर बूट घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे आणि ती ओल्या चिखलातून पसरते. टॉर्चचा झोत थेट डोळ्यांवर धरू नका, फ्लॅशचे एक-दोन फोटो पुरेत.

वहीत तारीख, आदल्या दिवशीचा पाऊस, पाण्याची खोली आणि काय दिसलं एवढंच लिहा. खोलीसाठी काठाजवळ एक काठी रोवून तिच्यावर बोटाबोटावर खुणा करा, ते काम मुलीकडे द्या. पहिला पंधरवडा एक दिवसाआड जा, नंतर आठवड्यातून दोनदा पुरे. फोटो प्रत्येक वेळी त्याच जागेवरून काढा. नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर जाणकार जात ओळखायला मदत करतात. दुर्मीळ काही सापडलं तर नेमकी जागा झाकून ठेवायची सोय तिथे आहे, ती वापरा. पहिली वीण हुकली तरी डबकं सोडू नका. शेतबेडूक आणि मायक्रोहायला जोराचा पाऊस झाला की पुन्हा अंडी घालतात, त्यामुळे जुलैअखेरही तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करता येईल.